‘भरधाव वेगा’च्या आड

माढा तालुक्याचे नाव उर्वरित महाराष्ट्राच्या कानावर येते ते बहुधा लोकसभा मतदारसंघामुळे किंवा उजनी धरणामुळे. परंतु तालुक्याचा नकाशा रस्त्यांच्या अंगाने पाहिला, तर वेगळेच चित्र दिसते. पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग उजनी धरणाजवळ तालुक्यात शिरतो आणि टेंभुर्णी, वरवडे, मोडनिंब ही गावे मागे टाकत सोलापूरकडे जातो. टेंभुर्णीहून कुर्डुवाडी, बार्शीमार्गे लातूरचा रस्ता फुटतो. आणि या दोन मोठ्या रस्त्यांना वाड्यावस्त्या जोडल्या आहेत त्या अरुंद, बिनदिव्यांच्या, साइडपट्ट्या खचलेल्या गावरस्त्यांनी. साधारण नोव्हेंबर ते मार्च या गळीत हंगामात याच रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, त्यांपैकी कित्येकांच्या मागे ना लाल दिवा असतो ना परावर्तक पट्टी. आणि रात्री दहानंतर ढाब्यावरून, वरातीतून किंवा मित्राच्या वाढदिवसाहून ट्रिपल सीट परतणाऱ्या मोटारसायकलींनाही वाट तीच असते. सार्वजनिक आरोग्यशास्त्रात ज्यांना अतिजोखमीचा गट म्हणतात, म्हणजे ज्या लोकसमूहात एखाद्या कारणाने मृत्यू येण्याची शक्यता इतरांहून ठळकपणे जास्त असते, तो गट मद्यपान करून वाहन चालवण्याच्या बाबतीत सगळीकडे जवळपास सारखाच आढळतो: अठरा ते तिशीतले पुरुष, दुचाकी, रात्रीची वेळ, हेल्मेट नाही. ग्रामीण सोलापुरात या चारही गोष्टी रोज एकत्र येतात, आणि तरीही सरकारी कागदांत या मृत्यूंचा माग काढू गेल्यास तो फारसा लागत नाही.

आकडेवारीचा हा पेच आधी समजून घ्यावा लागतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. मृतांतील सुमारे दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातले होते आणि शंभरातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरचे. याच अहवालात दारू किंवा अमली पदार्थांच्या अंमलाखाली वाहन चालवल्याने झालेले मृत्यू ४,२०१, म्हणजे अवघे अडीच टक्के दाखवले आहेत, तर अतिवेगाच्या खात्यावर सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू जमा आहेत. आता याच्या शेजारी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने मद्यपान आणि वाहनचालन या विषयावर २००७ मध्ये निघालेल्या पुस्तिकेतील निष्कर्ष ठेवावा: श्रीमंत देशांत मृत चालकांपैकी सुमारे वीस टक्क्यांच्या रक्तात मर्यादेपेक्षा जास्त मद्यार्क सापडतो आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील निरनिराळ्या अभ्यासांत मद्यार्क आढळलेल्या मृत चालकांचे प्रमाण ३३ ते ६९ टक्के इतके आहे. भारतीय चालक जगावेगळा सोवळा आहे असे मानायचे नसेल, तर अडीच टक्के हा आकडा दारूचा नसून नोंदीचा आहे, असेच म्हणावे लागते.

ही नोंद होते कशी, हे जवळून पाहिले की उलगडा होतो. रात्री बारा-एकच्या सुमारास एखादी मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळते किंवा वळणावर रस्ता सोडून चारीत जाते आणि चालक जागीच ठार होतो. पोलीस पंचनामा करतात, आणि गुन्हा दाखल झाला तर तो मयत चालकावरच होतो. त्यातील मजकूर राज्यभर ठरीव साच्याचा असतो, तो असा, की चालकाने आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवली व तो स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला. आरोपीच मयत असल्याने खटला पुढे चालत नाही आणि प्रकरण निकाली निघते. काही वेळा तर गुन्हाही नोंदला जात नाही, नुसती अकस्मात मृत्यूची नोंद होते. या साच्यात वेगाला जागा आहे, दारूला नाही. आणि वरिष्ठ कार्यालयाकडे जाणाऱ्या तक्त्यात एका अपघाताला एकच मुख्य कारण लिहायचे असल्याने, दारूमुळे सुटलेला वेगावरचा ताबाही ‘अतिवेग’ याच रकान्यात जाऊन बसतो.

दारूचा पुरावा मिळवायचा तर तो शवविच्छेदनाच्या टेबलावरच मिळवावा लागतो. मृताच्या शरीरातून रक्त काढून ते सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत ठेवायचे, कारण हे रसायन नसेल तर जंतूंच्या क्रियेने नमुन्यातच मद्यार्क तयार होऊ शकतो किंवा असलेला नाहीसा होऊ शकतो. जिवंत जखमीचे रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही, नाहीतर अहवालात पुसण्याचेच स्पिरिट उतरते. मग बाटली सीलबंद करून पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवायची आणि अहवालाची वाट पाहायची. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे बाह्यरुग्ण विभागही असतो, बाळंतपणेही असतात आणि शवविच्छेदनही असते. मृत्यूचे कारण डोक्याला झालेली इजा हे उघड दिसत असताना आणि पोलिसांच्या पत्रात रासायनिक तपासणीची मागणी नसताना रक्ताचा नमुना राखून ठेवला गेला नाही, तर त्यात एकट्या डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी उघडपणे फारसे बोलले जात नाही. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबातील व्यक्तीच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये मिळतात. मात्र अपघातसमयी मृत व्यक्ती मद्याच्या अंमलाखाली असल्यास अनुदान मिळत नाही. वाहनविम्यातही तसेच आहे: मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची १५ लाख रुपयांची रक्कम चालक नशेत होता हे सिद्ध झाले की नाकारली जाते, आणि श्वासचाचणी किंवा रक्तचाचणी झालेली नसली तरी इतर पुराव्यांवरून विमा कंपनी नशा सिद्ध करू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात दिला आहे. ज्या घरातला कमावता मुलगा गेला आहे, ज्याच्या मागे तरुण बायको आणि सोसायटीचे कर्ज आहे, त्या घराला शवविच्छेदनाच्या अहवालात ‘मद्य’ हा शब्द येऊ नये असे वाटले तर ते स्वाभाविक आहे. गावचा पोलीस पाटील, शेजारी, पंच, सगळेच त्या भावनेत सहभागी असतात, आणि मेलेल्याची अब्रू काढू नये हा संस्कारही सोबतीला असतो. शासन एका हाताने मद्यपी अपघातांची माहिती मागते आणि दुसऱ्या हाताने ती माहिती देणाऱ्या कुटुंबाचे दोन लाख कापते. अशा व्यवस्थेत खरी नोंद होईल ही अपेक्षाच भाबडी आहे.

मद्य शरीरात नेमके काय करते, याचा हिशेब मात्र कुणाच्या भिडेने बदलत नाही. भारतीय कायद्याने रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी ठरवली आहे. रक्तातील प्रमाण काढण्याची जी रीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने घालून दिली, तिच्यानुसार साठ किलो वजनाच्या पुरुषाने जेमतेम १२-१३ ग्रॅम शुद्ध मद्यार्क घेतला की ही मर्यादा गाठली जाते, साधारण ४२.८ टक्के मद्यार्काच्या दारूचा ३० मिलिलिटरचा एक पेग घेतला तरी त्यात दहा ग्रॅम असतो. हाच तरुण १८० मिलिलिटरची पूर्ण क्वार्टर संपवतो, तेव्हा सुमारे साठ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो आणि रक्तातील प्रमाण दीडशे मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या पाचपट पोहोचते. यकृत हे प्रमाण ताशी साधारण १० ते १५ मिलिग्रॅम एवढ्याच गतीने कमी करते; आंघोळ, लिंबूपाणी, कडक चहा यांनी तोंडावरची सुस्ती जाईल, पण ही गती वाढत नाही. रात्री दहाला बैठक उठली, तर पहाटे सहाला ऊसतोडीच्या फडावर ट्रॅक्टर घेऊन निघालेला चालक स्वतःला शुद्धीत समजत असला तरी कायद्याच्या आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने अजून नशेतच असण्याची शक्यता आहे. शिवाय शेवटचा घोट घेतल्यावर अर्धा ते दीड तास रक्तातील प्रमाण वाढत राहू शकते, विशेषतः मटणाच्या जेवणासोबत घेतल्यावर. त्यामुळे ‘आत्ता काही चढलेली नाही, चढायच्या आत घरी पोहोचू’ हा ढाब्यावर सर्रास ऐकू येणारा हिशेब नेमका उलटा पडतो, आणि वाटेतच चढते.

मोटारसायकलवर हे अधिक घातक ठरते, कारण तिथे तोल चालकालाच सांभाळावा लागतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर अंतर कापते. मद्यामुळे ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते, आणि दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीच्या बाबतीत जीव वाचणे वा जाणे बहुधा या आठ मीटरांतच ठरते. नशेत माणूस हेल्मेटही विसरतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५० हजारांवर दुचाकीस्वारांचा आणि त्यांच्या मागे बसलेल्यांचा बळी गेला.

वयाचा प्रश्न यात स्वतंत्र महत्त्वाचा आहे. न्यूझीलंडमधील अपघातांच्या आधारे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की रक्तात मद्यार्काचे प्रमाण सारखेच असताना तिशी ओलांडलेल्या चालकाच्या तुलनेत विशीच्या आतल्या चालकाला प्राणघातक अपघाताचा धोका पाचपटींहून अधिक आणि विशीतल्याला तिप्पट असतो. धोक्याचा अंदाज घेणारा आणि आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारास पूर्ण विकसित होतो, आणि मद्य पहिला घाला घालते तो त्याच भागावर. त्यात रस्त्याचा अनुभव तोकडा आणि मागे बसलेल्या मित्रांची चिथावणी. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकांसाठी ५० मिलिग्रॅम, पण तरुण व नवशिक्या चालकांसाठी २० मिलिग्रॅम अशी वेगळी मर्यादा सुचवते. भारतात मर्यादा सरसकट ३० आहे. महाराष्ट्रात वाहन परवाना अठराव्या वर्षी मिळतो, सौम्य बिअर एकविसाव्या आणि कडक मद्य पंचविसाव्या वर्षानंतर कायदेशीर होते, आणि त्यासाठीही मद्य बाळगण्या-पिण्याचा परवाना लागतो. या नियमांचे ढाब्यावर काय होते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

तरुण पितात कशासाठी, याचे उत्तर एका वाक्यात देणारे उपदेशक पुष्कळ आहेत. माढ्यासारख्या भागात उजनीच्या पाण्याने ऊस आला, उसाने पैसा आला, पैशाबरोबर पंचविशीच्या आत बुलेट आली, हे खरे. पण जमिनीची वाटणी होत होत दोन-तीन एकरांवर आलेली, पदवी असून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून लग्न जमत नाही, अशीही मोठी फळी याच गावांत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंडावळ्या बांधलेल्या अविवाहित तरुणांचा मोर्चा सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर गेला, तेव्हा त्याची चेष्टाच अधिक झाली. संध्याकाळी पाराऐवजी ढाबा, आणि ढाब्यापर्यंत व तिथून परत जायला मोटारसायकलीशिवाय दुसरे साधन नाही: रात्री एसटी नाही, रिक्षा नाही, शहरासारखी मोबाइलवरून बोलावता येणारी गाडीही नाही. ‘पिऊन गाडी चालवू नका’ ही शहरी सूचना इथे अर्धवटच राहते, कारण चालवायची नाही तर घरी जायचे कसे, याचे उत्तर ती देत नाही.

पुरवठ्याची बाजू तितकीच बोलकी आहे. साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क बनतो, आणि राज्य उत्पादन शुल्कातून शासनाच्या तिजोरीत वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम येते. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा महामार्गावरील गावांत खळबळ उडाली. पण अंमलाच्या आदल्याच दिवशी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आले, जुलैमध्ये नगरपालिका हद्दींना सूट मिळाली, आणि अनेक राज्यांनी तर महामार्गांची वर्गवारी बदलूनच प्रश्न सोडवला. केरळातील एका बारने, अंतर चालण्याच्या वाटेने मोजले जाते हे हेरून, दारापुढे भुलभुलैयासारखी वळणावळणाची वाट उभारली होती. कल्पकतेची वाण या देशात कधीच नव्हती. हातभट्टीचा प्रश्न वेगळा. त्यावर सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवून मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतील लोकांना दुसरे रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न केला, आणि निव्वळ छाप्यांपेक्षा तो अधिक शहाणपणाचा होता.

कायदा महाराष्ट्रात घडला तो शहरांतल्या अपघातांतून. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढून सात जण ठार व आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने चालकाला सहा महिन्यांची शिक्षा दिली. लोकक्षोभानंतर उच्च न्यायालयाने निव्वळ निष्काळजीपणाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे आपल्या कृतीने मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव असताना केलेले कृत्य, मानून ती तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मुंबई पोलिसांची मद्यपी चालकांविरुद्धची नियमित मोहीम २००७ पासूनची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा पकडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे मोटारीने चोविशीतल्या दोन अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून मिळालेला जामीन आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना झालेली अटक, यांनी देश ढवळून निघाला. त्या प्रकरणात रक्ताच्या एका बाटलीसाठी एवढे सारे घडले; तालुक्याच्या रस्त्यावर ती बाटली बहुधा भरलीच जात नाही.

इतर देशांनी केलेल्या उपायांतील दोन इथे विचारात घेण्यासारखे आहेत. जपानने २००७ मध्ये कायदा बदलून मद्यधुंद चालकाला वाहन देणारा, दारू पाजणारा आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणारा या सर्वांना शिक्षेच्या कक्षेत आणले. ढाबामालक आणि मागे बसणारे मित्र यांना जबाबदार धरणारी अशी स्वतंत्र तरतूद भारतीय कायद्यात नाही, अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला मात्र कलम १९९-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. बेल्जियमने १९९५ पासून ‘बॉब’ नावाची मोहीम चालवली: मित्रांच्या टोळक्यातला एकजण त्या रात्री पीत नाही आणि सर्वांना घरी पोहोचवतो. पंढरपूर शेजारी असलेल्या माढ्याला असा माणूस आयात करावा लागत नाही. माळ घातलेल्याला कुणी पिण्याचा आग्रह करत नाही, हा संकेत अट्टल पिणाऱ्यांच्या बैठकीतही आजवर पाळला जातो, आणि बहुतेक मित्रमंडळांत एखादा तरी माळकरी असतोच. किल्ली त्याच्याकडे देण्याचा ठराव एखाद्या तरुण मंडळाने केला, तर त्याला शासनाच्या परिपत्रकाची गरज पडणार नाही.

शासनाकडून अपेक्षा दोनच, आणि दोन्ही फारशा खर्चाच्या नाहीत. अपघातात मरण पावलेल्या प्रत्येक चालकाच्या रक्ताचा नमुना, पोलिसांनी मागितला असो वा नसो, शवविच्छेदनात घेणे बंधनकारक करावे आणि तालुकानिहाय निष्कर्ष नावांविना प्रसिद्ध करावेत. आणि शेतकरी अपघात अनुदानातून मद्याची अट काढून टाकावी, कारण ती अट पिणाऱ्याला थांबवत नाही, त्याच्या विधवेला मात्र खोटे बोलायला लावते.

तोवर वाचकाच्या हाती उरतो तो अपघातानंतरचा पहिला तास. माढ्याहून सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, आणि डोक्याला मार लागलेल्या तरुणासाठी हे अंतरच निर्णायक ठरते; पण जखमीच्या तोंडाला दारूचा वास आला, की नसती भानगड नको म्हणून पुढे निघून जाणारेही असतात. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याला पोलिसांना किंवा रुग्णालयाला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि इच्छेविरुद्ध साक्षीदारही करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नामनिर्देशित रुग्णालयांत रोख न भरता मिळू शकतात, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यात २०१४ पासून चालू आहे.